सत्तेचाळीस फूट तीन इंच

केझाया टेलफरच्या शेडमध्ये जमिनीच्या फळ्यांवर तांब्याचे तीन खिळे ठोकलेले होते. पहिला दाराशी. दुसरा त्याच्यापासून बरोबर सत्तेचाळीस फूट तीन इंचांवर, मागच्या भिंतीला जवळजवळ टेकलेला. होबार्टच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या निम्म्या जहाजांची वेग मोजायची दोरी या दोन खिळ्यांमध्ये ताणली जाई आणि तिच्यावर केझायाच्या हातच्या गाठी पडत. तिसरा खिळा मात्र दुसऱ्याच्या साडेचार फूट अलीकडे होता, आणि तो एकाच माणसासाठी होता. तिच्या मुलासाठी, सायलससाठी.

वेग मोजायची रीत तशी साधी. दोरीच्या टोकाला लाकडाची छोटी फळी बांधायची आणि ती जहाजाच्या मागच्या कठड्यावरून पाण्यात सोडायची. फळी पाण्यात जागच्या जागी उभी राहते, जहाज पुढे जातं, रिळावरची दोरी सुटत जाते. एकानं वाळूचं घड्याळ उलटं करून डोळ्यांसमोर धरायचं. अठ्ठावीस सेकंदांनी वाळू संपली की त्यानं ओरडायचं, आणि दुसऱ्यानं दोरी पकडून हातातून किती गाठी गेल्या ते पाहायचं. सात गेल्या तर ताशी सात मैल. सूर्य दिसत असेल तेव्हा या दोरीला कोणी विचारत नाही. पण चार दिवस आभाळ उघडलं नाही की आपण समुद्रात नेमके कुठे आहोत ते सांगणारं दुसरं काहीच नसतं.

गाठी जवळजवळ बांधल्या तर तेवढ्याच वेळात जास्त गाठी सुटतात. जहाज आहे त्यापेक्षा जोरात चाललंय असं वाटतं, आणि किनारा यायच्या आधीच माणूस डोळ्यांत तेल घालून किनारा शोधू लागतो. केझायाला तेच हवं होतं. तिचा नवरा आयझॅक गेला तेव्हा त्याच्या वहीत किनारा साठ मैल लांब होता, आणि जहाजाखाली खडक होते. सायलस पहिल्यांदा कॅप्टन झाला त्याच आठवड्यात तिनं तो तिसरा खिळा ठोकला. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. आईनं मुलाला फसवायचं ठरवलं की तिच्याइतकं बेमालूम कोणी फसवत नाही, असं तिला वाटत होतं.

सहा वर्षं वाटत होतं.

मग तो रविवार आला. सायलसचं ‘ब्रायर’ जहाज पुढच्या शनिवारी मॉरिशसला सुटायचं होतं, आणि त्याचा नवा मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा पहिला माणूस, मर्डो रिची, जेवायला आला होता. भाजलेलं मटण होतं, बटाटे होते, सायलसची बायको लविना वाढत होती. मर्डो स्कॉटलंडचा, कामाला पक्का. त्याला आपला चोखपणा दाखवायची घाई झाली होती.

“टेलफरबाई, तुमची नवी दोरी आली की डेकवर ताणून मोजून घेईन म्हणतो,” तो म्हणाला. “राग नका मानू. माझी सवय आहे.”

सायलस काटा खाली ठेवून हसायला लागला.

“आईची दोरी मोजतोस? अरे बाबा, ती मोजायची नसते. साडेचार फुटांनी खोटी आहे ती! मी पहिल्याच सफरीत मोजली होती.”

“मग?”

“मग काय? चर्चला दशांश देतो ना आपण, तसा आईलाही द्यायचा. दोरी दहा म्हणाली की पाटीवर नऊ लिहायचे. सहा वर्षं हेच चाललंय. आणि माझ्या जहाजावर असेपर्यंत तूही तेच करायचंस, कळलं?”

मर्डो हसला. लविनाही हसली. सायलसनं हात लांब करून आईच्या हातावर थोपटलं, आणि त्या थोपटण्यात काडीचाही वाईटपणा नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. त्यानं सहा वर्षं तिचं मन राखलं होतं. मुकाट्यानं दोरी घ्यायची, आईच्या कपाळावर ओठ टेकवायचे आणि समुद्रावर गेलं की दशांश वजा करायचा. याहून चांगला मुलगा कोणता असतो?

पण केझायाला ते तसं दिसलं नाही. ती बशा गोळा करायला उठली. तिच्या मनात एकच आलं, की गेली सहा वर्षं वारा सुटला की ती अंथरुणात पडून स्वतःची समजूत घालत होती: दोरी आहे त्याच्याजवळ, तो आधीच सावध असेल. आणि तो कधीच आधी सावध नव्हता. जी समजूत घालून ती झोपत होती, तिच्यात काहीच नव्हतं. आणि हे तिला कळलं कुठे, तर परक्या माणसासमोर, जेवणाच्या टेबलावर, गंमत म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नवी दोरी भिजवली, ताणली आणि दुसऱ्या खिळ्याला लावली. सत्तेचाळीस फूट तीन इंच. गाठ घातली, पुढे ओढली, पुन्हा सत्तेचाळीस फूट तीन इंच.

“घे,” ती रिकाम्या शेडमध्ये म्हणाली. “एवढा शहाणा झालायस ना? मग घे खरी.”

त्याला न सांगता ती देणार नव्हती. एवढी वेडी ती नव्हती. पण आधी त्यानं यावं, दारात उभं राहावं, “आई, चुकलो” एवढं म्हणावं. मग ती म्हणणार होती की ही दोरी खरी आहे, हिच्यातून काही वजा करू नकोस. अबोला धरणारी माणसं बोलायचं सगळं तयार ठेवतात, फक्त समोरच्यानं सुरुवात करायची वाट बघतात. सोमवार गेला, मंगळवार गेला. सायलस जहाजावर साखळदंड, पिंपं, शिडं यांत बुडालेला होता. गुरुवारी दोरी न्यायला त्यानं एका खलाशाला पाठवलं. तिनं ती कागदात गुंडाळून दिली. निरोप काही दिला नाही.

शनिवारी ती धक्क्यावर गेली. सायलस लविनाशी बोलत उभा होता. मग तो तिच्याकडे आला, नेहमीसारखे कपाळावर ओठ टेकवले.

“दोरी मिळाली, आई.”

“हं.”

तो जरासा घुटमळला. तिनं धक्क्याला लागून वाहणाऱ्या नदीकडे बघितलं. वाक्य जिभेवर होतं, अगदी टोकाशी होतं. भरती उतरायला लागली होती, जहाज बंदराबाहेर काढणारा वाटाड्या डेकवरून हाका मारत होता. “येतो,” तो म्हणाला आणि फळीवरून चढून गेला.

घरी येताना मॉरिशसला पत्र पाठवावं असं तिच्या मनात आलं, आणि दोनदा आलं. पण काय लिहायचं? आई रुसली होती म्हणून सांगायचं राहिलं? तो ते पत्रही टेबलावर वाचून दाखवेल आणि सगळे हसतील. शिवाय तिनं स्वतःला समजावलं की मर्डो दोरी मोजल्याशिवाय राहायचा नाही. चोख माणूस आहे.

चोख माणसाला कॅप्टननं सांगितलं होतं की आईची दोरी मोजायची नसते.

पाच महिन्यांनी पोर्ट डेव्हीहून लाकूडतोड्यांची एक बोट नदीत आली. तिच्यात ‘ब्रायर’ची पाच माणसं होती. बाकीची नऊ मॉरिशसहून परतताना बेटाच्या पश्चिम किनाऱ्याशी बुडाली होती, आणि सायलस त्या नवांत होता.

मर्डो तिसऱ्या दिवशी आला. उजव्या हाताला पट्ट्या बांधलेल्या होत्या. लविना दुसऱ्या खोलीत होती, ती बाहेर आली नाही. केझायानं त्याच्यापुढे चहा ठेवला. त्याला कप धरता येईना, म्हणून तो तसाच बसून राहिला.

“सांग,” ती म्हणाली.

“चार दिवस सूर्य नाही, टेलफरबाई. पाऊस आणि धुकं. मागून जोराचा वारा. आमच्या गणितानं किनारा सत्तर मैल लांब होता. कॅप्टन म्हणाले, उद्या उजाडल्यावर दक्षिणेला वळू. त्याच दुपारी दोन वाजता पुढे पहाऱ्यावरच्या माणसानं ओरडा केला. वळायला जागाच नव्हती.”

“आणि सायलस?”

“जहाज खडकावर आडवं झालं. आम्ही पाच जण कसेबसे खडकावर उडी मारून पोचलो. नाही, असं नाही. खोटं नको. मी पोचलो. बाकी चौघांना दोरीनं ओढलं. तुमच्याच दोरीनं. कॅप्टन एकेकाला बांधून सोडत होते. पाचव्याला बांधत होते... मग त्यांच्यासकट जहाजाचा मागचा भाग तुटला.”

 मर्डोनं पट्ट्या बांधलेला हात मांडीवर ओढून घेतला.

“मला एक कळत नाही. रोज डोक्यात तेच. दोरी आखूड, दशांश वजा केला, म्हणजे आकडा खरा यायला हवा. जातानाही रोज दुपारच्या सूर्याशी आकडा जुळायचा नाही. जहाज आकड्याच्या पुढेच निघायचं. कॅप्टन म्हणायचे, प्रवाह आहे. मीही म्हटलं, प्रवाह आहे. पण मग या चार दिवसांत मीच चुकलो असेन. वाळू संपल्यावर उशिरा ओरडलो असेन, गाठ चुकीची धरली असेन. नऊ माणसं गेली, टेलफरबाई, आणि मला माझी चूकही सापडत नाही.”

त्या क्षणी केझायाला सगळं कळलं. तिची दोरी खरी होती. खऱ्या आकड्यातून तिच्या मुलानं दशांश वजा केला होता, चार दिवस, तासातासाला. जहाज सत्तर मैल पुढे होतं आणि ते कोणालाच माहीत नव्हतं. समोर बसलेला हा माणूस स्वतःची चूक शोधत होता. “तुझी चूक नाही,” एवढंच म्हणायचं होतं. तिनं चहाचा कप उचलला आणि मोरीत रिता केला.

“गार झाला,” ती म्हणाली.

चौकशी पुढच्या मंगळवारी होती. एक मॅजिस्ट्रेट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन म्हातारे कॅप्टन. त्यांच्यापुढे टेबलावर मर्डोनं अंगाशी बांधून वाचवलेली जहाजाची वही आणि वाळूचं घड्याळ होतं, आणि मिठानं कडक झालेलं दोरीचं वेटोळं होतं. दोरी अंगणात नेऊन भिजवली आणि ताणली गेली. एक म्हातारा कॅप्टन आत आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, “दोरी खरी आहे. दोन इंचांचाही फरक नाही. बांधणाऱ्याचा हात चांगला आहे.”

लविना केझायाच्या शेजारी बसली होती. तिनं दचकून सासूकडे पाहिलं.

मर्डोनंही पाहिलं. साक्षीच्या कठड्यात उभं राहून त्यानं केझायाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला. त्याला त्याची चूक सापडली होती, आणि ती त्याची नव्हती.

“मिस्टर रिची,” मॅजिस्ट्रेट म्हणाले, “दोरी खरी, घड्याळही खरं. मग वहीत सात आणि सव्वासात लिहिलंय तिथे आठ हवे होते. अक्षर तुमचं आहे?”

“हो साहेब.”

“आकडे असे का?”

मर्डोनं टेबलावरच्या वहीकडे पाहिलं.

“मी चुकीचे वाचले असतील, साहेब.”

“चार दिवस? सलग?”

“हो साहेब.”

“कॅप्टननी काही सांगितलं होतं का?”

“नाही साहेब. कॅप्टननी काही सांगितलं नव्हतं.”

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी देऊ, असं मॅजिस्ट्रेट म्हणाले. मर्डोचं जहाजावरचं आयुष्य संपलं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला समजलं.

संध्याकाळी दोघी सुपाचे वाडगे पुढे घेऊन बसल्या. चमचा कोणीच उचलला नाही.

“तुम्ही खरी बांधलीत,” लविना म्हणाली.

“हो.”

“त्याला सांगितलं नाहीत.”

“नाही.”

लविनाला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. त्या रविवारी तीच वाढत होती. ती टेबलाच्या कडेवरून नख फिरवत राहिली.

“उद्या जाऊ नका, आई,” ती शेवटी म्हणाली. “तुम्ही उभ्या राहिलात तर ते काय लिहितील? कॅप्टननं दोरी मोजली नाही, हसतहसत आकडा बदलला आणि नऊ माणसं मारली. तेच लिहितील. माझ्याजवळ त्याचं आता काय उरलंय? कबरसुद्धा नाही. एक नाव आहे, तेवढं राहू द्या.”

“आणि मर्डो?”

“मर्डो जिवंत आहे!” लविना ओरडली. मग तिनं हातांनी तोंड झाकलं.

केझायाला सुनेचा राग आला नाही. तिलाही तेच वाटत होतं, हीच तर अडचण होती. गप्प बसलं की मुलाचं नाव राहत होतं, तिचं स्वतःचं राहत होतं, सुनेचं मन राहत होतं. गप्प बसण्यात सगळ्यांचं भलं होतं, फक्त एका माणसाचं सोडून. आणि तो माणूसही तयार होता. पण एकदा गप्प बसून तिनं काय केलं होतं ते तिला माहीत होतं.

सकाळी ती उभी राहिली तेव्हा मॅजिस्ट्रेटनी आधी तिला बसायला सांगितलं. मग म्हाताऱ्या कॅप्टननं त्यांच्या कानात काही सांगितलं, आणि त्यांनी तिला पुढे बोलावलं.

“दोरी मी बांधली, साहेब,” ती म्हणाली. “माझ्या मुलाची दोरी मी सहा वर्षं साडेचार फूट आखूड बांधायचे. त्यानं आधी सावध व्हावं म्हणून. ते त्याला ठाऊक होतं, म्हणून तो दहातला एक वजा करायचा. मेटलाही तसं करायचा हुकूम होता. रिची खोटं बोलतोय. त्यानं गाठी बरोबर वाचल्या. वजा माझ्या मुलाच्या हुकुमानं झालं.”

“टेलफरबाई!” मर्डो खालून ओरडला. “कशाला?”

“गप्प बस रे,” ती म्हणाली.

“पण ही दोरी आखूड नाही,” म्हातारा कॅप्टन म्हणाला.

“नाही. ही मी खरी बांधली.”

“का?”

“राग आला म्हणून. तो माझ्या दोरीला हसला.”

 मॅजिस्ट्रेटनी लेखणी खाली ठेवली.

“आणि दोरी बदलल्याचं तुम्ही मुलाला सांगितलं नाही?”

“नाही.”

“का नाही?”

तिनं उत्तर शोधलं. पाच महिने शोधत होती. मोठं, गुंतागुंतीचं काहीतरी असेल, असं तिला वाटलं होतं.

“त्यानं आधी बोलावं म्हणून,” ती म्हणाली.

दुपारी निकाल वाचला गेला. मर्डो रिचीवर दोष नाही. कॅप्टन सायलस टेलफर यांनी दोरी स्वतः न मोजता, केवळ सवयीनं वेग कमी धरला. जहाज आणि नऊ माणसं गेली ती त्यांच्या या हलगर्जीपणामुळे. केझाया शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिली. आपलं नाव कुठेतरी येईल, आपल्याला काहीतरी सुनावलं जाईल, असं तिला वाटत होतं. ते आलंच नाही. तिच्याबद्दल चौकशी करणाऱ्या तिघांना काही म्हणायचं नव्हतं. गुन्हा तिनं सांगितला आणि तो तिच्या मुलाच्या नावावर लिहिला गेला.

बाहेर मर्डो उभा होता. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि निघून गेला. आभार मानावेत की शिव्या द्याव्यात, हे त्याला ठरवता आलं नसावं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

लविना मागून येत होती. धक्क्यावरून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्यांपर्यंत ती चार पावलं मागेच राहिली. केझायानं मनाची तयारी केली होती: आता ही आपलं सामान बांधेल, बहिणीकडे जाईल, आणि जाताना जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं.

अर्ध्या पायऱ्यांवर लविना थांबली.

“आई, मला तुम्हाला काही सांगायचंय.”

“बोल. जे असेल ते बोल.”

“त्या शनिवारी धक्क्यावर. तुम्ही यायच्या आधी.” तिनं मागे धक्क्याकडे पाहिलं. “तो म्हणाला, आई अजून रुसलीये. मी तिला सगळ्यांसमोर हसायला नको होतं. जरा बाजूला नेऊन बोलतो तिच्याशी.”

केझाया एक पायरी उतरून तिच्यापाशी आली.

“मीच म्हटलं, आता कशाला? भरती उतरतेय, वाटाड्या ओरडतोय, तू बोलायला लागलास की त्या रडणार. परत आलास की बोल. तोपर्यंत त्यांचा रागही जाईल.” लविनानं भिंतीला हात टेकला. “तुम्ही सगळं अंगावर घेत होतात आणि मी मागे बसून ऐकत होते. मी उठले नाही.”

केझाया खाली बसली. तिथेच, पायरीवर, ओल्या दगडावर. सुनेला काहीतरी म्हणायला हवं होतं, तुझा काय दोष पोरी, असं काहीतरी, आणि ते ती पुढे म्हणालीही, त्या दिवशी आणि नंतर कितीतरी वेळा. पण तेव्हा तिच्या तोंडून दुसरंच आलं.

“म्हणजे तो येत होता माझ्याकडे,” ती म्हणाली.

बातमी आली तेव्हापासून ती रडली नव्हती. आता ती तोंड न झाकता, मोठ्यानं, भर दुपारी पायऱ्यांवर बसून रडली. लविना तिच्या शेजारी बसली, आणि धक्क्यावरून वर येणारी माणसं त्या दोघींच्या बाजूनं वाट काढत गेली.